शोधाच्या गणिताची स्पर्धा

गणिताच्या पुस्तकाचीं शेवटचीं पानें हीं आमच्या विद्यार्थ्यांचीं सर्वांत आवडतीं पानें होत, हें आम्हांस बावीस वर्षांच्या अनुभवावरून ठाऊक आहे. तेथें उत्तरें असतात. उदाहरण सोडवावें, पान उलटावें, उत्तर जुळलें कीं समाधान मानावें व पुढील उदाहरणाकडे वळावें. न जुळलें तर खोडरबर घ्यावें. ह्यांत गैर कांहीं नाहीं. आम्हीहि असेच शिकलों. परंतु ज्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि पानावर छापलेलें नाहीं, किंबहुना ज्यास उत्तर आहे कीं नाहीं हेंच कोणी सांगितलेलें नाहीं, असा एक तरी प्रश्न आमच्या विद्यार्थ्यानें शाळा सोडण्यापूर्वीं हाताळला पाहिजे, असें आमचें मत आहे. आणि त्यासाठीं शाळेंत गणित-संशोधनाची स्पर्धा दरवर्षीं भरवावी, ही सूचना आम्ही ह्या अंकाच्या द्वारें विद्यार्थी व पालक ह्या उभयतांपुढें ठेवीत आहों.

गणिताच्या परीक्षा आज थोड्या नाहींत. शिष्यवृत्तीपासून आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडपर्यंत त्यांची एक उतरंडच लागलेली आहे. ह्या ऑलिंपियाडचा आरंभ १९५९ सालीं रुमानियांत झाला. आपला देश तींत १९८९ पासून भाग घेऊं लागला, व १९९६ सालीं ती मुंबईस भरली होती. दोन दिवस, दररोज तीन प्रश्न व साडेचार तास, असें तिचें स्वरूप. त्या प्रश्नांची योग्यता आम्ही जाणतों, आणि मुरुडच्या एखाद्या मुलानें वा मुलीनें तेथवर मजल मारावी असें आम्हांस मनापासून वाटतें. तथापि तेथेंहि प्रश्न दुसऱ्यानें घातलेला असतो, त्याचें उत्तर घालणाऱ्याच्या खिशांत असतें, आणि समोर भिंतीवर घड्याळ असतें. आम्ही म्हणतों त्या स्पर्धेंत ह्या तिन्ही गोष्टी नाहींत. प्रश्न मुलानें स्वतः काढावा किंवा दिलेल्या प्रश्नास स्वतः फांद्या फोडाव्या, दोन महिने त्याच्या मागें लागावें, कोष्टकें करावीं, अंदाज बांधावा, तो चुकला तर कां चुकला हें लिहावें, आणि शेवटीं ‘इतकें समजलें, इतकें नाहीं’ असें सांगून वही आमच्या हातीं द्यावी. १९९३ पासून आपल्या देशांत भरूं लागलेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसाठीं मुलें आपल्या परिसरांतील प्रश्नांवर असे प्रकल्प करतात. पण तेथें गणित हें बहुधा मोजणीपुरतें चाकरीस येतें. त्यास एकदां धन्याच्या आसनावर बसवून पाहावें, इतकेंच आमचें म्हणणें.

हें काम शाळकरी मुलांच्या आवांक्याबाहेरचें आहे असें म्हणणाऱ्यांस आम्ही देवळालीच्या एका शाळामास्तरांची आठवण देतों. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ह्यांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत शिकत असतां १९२७ सालीं त्यांस रँग्लर परांजपे ह्यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें, आणि तें परीक्षेंतील गुणांबद्दल नव्हे, तर स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल. म्हणजे आम्ही आज मागतों तसली स्पर्धा महाराष्ट्रांत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीं होती, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढें १९३० पासून १९६२ पर्यंत कापरेकर देवळालीस शाळेंत शिकवीत होते. विद्यापीठांत जागा नाहीं, हाताखालीं मदतनीस नाहीं. साधन काय, तर कागद, पेन्सिल व अंकगणित.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध आमच्या वाचकांनीं येथेंच पेन्सिल घेऊन पडताळून पाहावा. चार अंकी कोणतीहि संख्या घ्या; चारहि अंक सारखे मात्र नसावे. अंक उतरत्या क्रमानें मांडून होणाऱ्या संख्येंतून चढत्या क्रमानें मांडून होणारी संख्या वजा करा, व आलेल्या वजाबाकीवर पुन्हां तीच क्रिया करा. आम्ही २०१६ ही संख्या घेतों; कां, तें पुढें कळेल. ६२१० उणे ०१२६ बरोबर ६०८४. मग ८६४० उणे ०४६८ बरोबर ८१७२. पुढें ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सातव्या खेपेस ६१७४. आतां ७६४१ मधून १४६७ वजा करा: पुन्हां ६१७४. गाडी तेथें थांबली ती थांबली. कोणतीहि संख्या घेऊन निघा, जास्तींत जास्त सात खेपांत हाच मुक्काम येतो. कापरेकरांनीं हें १९४९ सालीं प्रसिद्ध केलें. आपल्याकडील पंडितांनीं तें फारसें मनावर घेतलें नाहीं. १९७५ सालीं अमेरिकेंत मार्टिन गार्डनर ह्यांनीं आपल्या मासिक सदरांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां कोठें हे मास्तर जगास ठाऊक झाले. ह्यांतील प्रत्येक वजाबाकी आमच्या पांचवीच्या वर्गांतील मूल करूं शकतें. त्या वजाबाकीपुढें ‘असें नेहमींच होतें काय?’ हा प्रश्न उभा करणें मात्र थोड्यांस साधतें.

येथें आम्हांस आमचीच एक चूक सांगावयाची आहे. सात-आठ वर्षांपूर्वीं एका शाळेंत मुलांच्या गणित-प्रकल्पांचें प्रदर्शन होतें, व परीक्षक म्हणून आम्हांस बोलावणें होतें. सातवींतील एक मुलगी कापरेकरांची हीच क्रिया दोन अंकी संख्यांवर करून आली होती. तिला आढळलें होतें कीं येथें मुक्काम असा नाहींच. ८१, ६३, २७, ४५, ०९ व पुन्हां ८१, अशी गाडी गोल फिरत राहते. दहापासून नव्याण्णवपर्यंतच्या सर्व संख्या तिनें एकेक करून तपासल्या होत्या. शेवटीं तिनें लिहिलें होतें कीं वजाबाक्या सगळ्या नवाच्या पाढ्यांतल्या येतात, पण कां येतात तें कळलें नाहीं. अक्षर वांकडें, खाडाखोड पुष्कळ, दोन ठिकाणीं वजाबाकी चुकून पुन्हां केलेली. शेजारीं पायथागोरसच्या सिद्धांताची थर्माकोलची रंगीत प्रतिकृति होती. कळ दाबली कीं तींत तांबडे-हिरवे दिवे लागत. आम्हीं पहिलें बक्षीस त्या प्रतिकृतीस दिलें. समारंभ आटोपल्यावर त्या मुलास आम्हीं सहज विचारलें कीं कोन काटकोन नसला तर ह्या चौरसांचें काय होईल. तो गोंधळला, आणि त्याच्या वडिलांनीं अगदीं मोकळेपणानें सांगितलें कीं प्रतिकृति शहरांतील दुकानांतून करवून आणिली होती. त्यांस त्यांत लपविण्यासारखें कांहीं वाटलें नाहीं, व खरें पाहतां दोष त्यांचाहि नव्हता. आम्हींच दिव्यांस गुण दिले होते. त्या मुलीच्या वहीवर आमच्या हातचा शेरा होता: ‘निष्कर्ष अपुरा’. हे दोन शब्द आम्हांस अजून टोंचतात.

कारण अपुरें जें होतें तें आमचें वाचन. दोन अंकी संख्येंत दहंच्या घरांतील अंकाची किंमत दसपट, एकंच्या घरांतील अंकाची एकपट. दोघांनीं जागा बदलल्या कीं त्यांच्यांतील फरकाच्या प्रत्येक एकामागें दहा उणे एक, म्हणजे नऊ, इतकें अंतर पडतें. म्हणून वजाबाकी नेहमीं नवाच्या पटींतच यावयाची. हें तिला फळ्यावर दोन मिनिटांत दाखवितां आलें असतें, आणि मग तीन अंकांस काय होतें, पांच अंकांस काय होतें, असें विचारून तिला पुढें पाठवितां आलें असतें. आम्हीं त्याऐवजीं तिला घरीं पाठविलें. पुढील वर्षीं तिनें नांव दिलें नाहीं.

विषय कोठून आणावयाचे, असें पालक विचारतात. मुरुडच्या मुलास विषयांची वाण नाहीं. शेताचेंच पाहा. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. ज्या घरांत भावाभावांची वांटणी झाली आहे त्या घरांतील मुलास हें शिकवावें लागत नाहीं. आतां चार बाजूंचें वेडेंवांकडें शेत असलें तर समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढावयाची व त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करावयाचा, हा फार जुना ठोकताळा आहे. ब्रह्मगुप्तानें ६२८ सालच्या आपल्या ग्रंथांत तो दिला आहे, पण ‘स्थूल’ असें बजावून दिला आहे. किती स्थूल, हें मुलानें शोधावें. चारी बाजू शंभर-शंभर फूट असलेलें शेत घ्या. तें चौरस असेल तर दहा हजार चौरस फूट भरेल. तेंच शेत तिरकें असेल, इतकें कीं एक कर्णहि शंभर फूटच व्हावा, तर त्याचे दोन समभुज त्रिकोण होतात व क्षेत्र सुमारें ८,६६० चौरस फूटच भरतें. ठोकताळा दोन्ही वेळां दहा हजारच सांगतो! सव्वा गुंठ्याच्या आसपास जमीन कागदावर आहे आणि बांधाच्या आंत नाहीं. आणखी गंमत अशी कीं हा ठोकताळा खऱ्या क्षेत्रापेक्षां कमी उत्तर कधींच देत नाहीं. चुकला तर नेहमीं जास्तच दाखवितो. विकणाराचा त्यांत तोटा नाहीं, घेणाराचा आहे.

आपल्या भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या लीलावतींत ह्याच मुद्यावर कोरडे ओढले आहेत. केवळ चार बाजू सांगून, कर्ण किंवा लंब न सांगतां, जो चौकोनाचें निश्चित क्षेत्र विचारतो त्याची, व जो तें सांगूं जातो त्याची त्याहून अधिक, त्यांनीं चांगलीच संभावना केली आहे. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचे नातू चांगदेव ह्यांनीं मठ स्थापिला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. पण पाटणास न जातां चार काटक्या व चार खिळे घेऊन बसलें तरी प्रश्न पुरता समजतो: चौकट दाबली कीं काटक्या तेवढ्याच राहतात व आंतली जागा आटत जाते. किती दाबली असतां किती आटते, ह्याचें कोष्टक आठवींतील मूल चौकटीच्या कागदावर घरें मोजून करूं शकतें.

आतां २०१६. त्या सालच्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास पाण्याची आगगाडी आली, ती आमच्या मुरुड स्टेशनावरूनच गेली. आज वरच्या वर्गांत असलेलीं मुलें तेव्हां अगदींच लहान होतीं. परंतु त्यांच्या घरच्यांस तो उन्हाळा आठवत असेलच. १९११ सालीं लातुरास पोंचलेली बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी जाऊन तिच्या जागीं रुंद रूळ आले होते, म्हणूनच त्या टांक्या मिरजेपासून थेट येऊं शकल्या. पहिल्या खेपेस दहा टांक्या होत्या, प्रत्येकींत सुमारें पन्नास हजार लिटर. म्हणजे पांच लाख लिटर पाणी. आंकडा ऐकून छाती दडपते. पण २०११ च्या खानेसुमारींत लातूर शहराची वस्ती सुमारें ३ लाख ८३ हजार होती. भागाकार केला तर माणशीं सव्वा लिटराहून किंचित् अधिक! पुढें पन्नास टांक्यांची गाडी येऊं लागली. तिचे माणशीं साडेसहा लिटर. माणशीं चाळीस लिटर द्यावयाचे म्हटलें तर दररोज तीनशेंहून अधिक टांक्या, म्हणजे तसल्या सहा गाड्या भरून कांहीं टांक्या उरल्या असत्या.

येथपर्यंत नुसता भागाकार झाला, व तो पुस्तकांतहि छापतां येईल. शोध येथून पुढें सुरू होतो. पुरेसें पाणी म्हणजे किती, हें कोणीं ठरवावें? गुरांचें पाणी कोठें धरावयाचें? टांकींतून घागरींत येईपर्यंत किती सांडतें? मुलानें आपल्या घरीं आठवडाभर घागरी मोजून लिहाव्या, शेजारच्या चार घरांच्या लिहाव्या, व त्यांवरून गल्लीचा अंदाज बांधावा. मग आणखी चार घरें मोजून तो अंदाज कितपत टिकतो हें पाहावें. पाणी कोण आणतें, हाहि एक रकाना त्या कोष्टकांत असावा. तो भरतांना पुष्कळ मुलग्यांची मान खालीं जाईल, व गणिताच्या तासास तसें झालें तर आम्हांस वाईट वाटणार नाहीं.

पालकांचा मुख्य आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, व तो खोटा नाहीं: ह्याचे गुण किती? उत्तर असें कीं कांहीं नाहींत. आम्ही खोटें आश्वासन देणार नाहीं. लातूर पॅटर्न ह्या नांवानें महाराष्ट्रभर गाजलेली अभ्यासपद्धति आमच्या शेजारींच वाढली, आणि तिनें खेड्यापाड्यांतील मुलांस वैद्यकीय व अभियांत्रिकी विद्यालयांचीं दारें उघडून दिलीं. कोरडवाहू शेतावर घर चालविणाऱ्या बापानें मुलाच्या परीक्षेकडे डोळे लावून बसावें, ह्यास नांवें ठेवण्याचा अधिकार दरमहा पगार घेणाऱ्या आम्हांस मुळींच नाहीं. परंतु ह्या परीक्षांची संवय लागलेलें मूल प्रत्येक प्रश्नाखालीं चार उत्तरें शोधूं लागतें, हेंहि आम्ही रोज पाहतों. नववींतील एका हुषार मुलास आम्हीं वरच्यासारखा एक प्रश्न घातला, तेव्हां त्यानें विचारलें, “सर, पर्याय कोणते?” त्याची थट्टा करण्याचें आम्हांस सुचलें नाहीं.

म्हणून दहावीच्या मुलांस ह्यांतून वगळावें, सहावी ते नववीच्या मुलांनीं आठवड्याचा एक तास द्यावा, असें आम्ही सुचवितों. सावकाश विचार करण्यानें मुलें मागें पडतात, ही भीति तरी नसावी. हंगेरींत १८९४ सालीं शाळकरी मुलांसाठीं गणिताचें एक मासिक निघालें. त्यांतील प्रश्न मुलें घरीं बसून, हवा तितका वेळ घेऊन सोडवीत व टपालानें उत्तरें पाठवीत. पुढें जगद्विख्यात झालेले पॉल एर्डोश हे लहानपणीं अशा सोडविणाऱ्यांपैकींच एक होते.

दुसरी अडचण परीक्षकांची, आणि ती आम्हांस अधिक बिकट वाटते. नवें काम ओळखणें सोपें नसतें. दिल्ली कॉलेजांतील शिक्षक मास्टर रामचंद्र ह्यांनीं महत्तम व लघुतम किंमती काढण्याची एक स्वतंत्र रीत बसवून १८५० सालीं कलकत्त्यास पदरच्या पैशानें ग्रंथ छापला. कलकत्त्याच्या टीकाकारांनीं त्याची उपेक्षा व अवहेलनाच केली. त्याच्या प्रती लंडनांत ऑगस्टस डी मॉर्गन ह्यांच्या हातीं पोंचल्या. त्यांनीं तो ग्रंथ बारकाईनें वाचला, त्याचें मोल जाणलें, व १८५९ सालीं आपल्या प्रस्तावनेसह तो लंडनांत पुन्हां छापविला. मधल्या काळांत, १८५२ सालीं, रामचंद्रांनीं बाप्तिस्मा घेतला होता व त्यापायीं आप्तेष्टांचा रोषहि सोसला होता. आमच्या मंडळींत त्यांचें नांव फारसें ऐकूं येत नाहीं, ह्याचें आम्हांस नवल वाटतें. सांगण्याचा हेतु इतकाच कीं जवळच्या परीक्षकांनीं नाकारलेलें काम दूरच्या एका वाचकानें नीट वाचलें म्हणून तरलें. शाळेच्या स्पर्धेंत असा दूरचा वाचक मिळणार नाहीं. आम्हांसच तसें वाचावें लागेल.

तेव्हां स्पर्धा भरलीच तर तींत फलक, प्रतिकृति व दिवे नसावेत. कच्ची वही खाडाखोडीसह द्यावी. ती पुन्हां सुवाच्य अक्षरांत उतरवून काढलेली असेल तर आम्ही कच्चीच मागूं. दोघां-तिघांनीं मिळून केलें तरी चालेल, मात्र कोणी काय केलें तें लिहावें. पालकांनीं ऐकावें, विचारावें, घागरी मोजूं लागावें. लेखणी मात्र हातीं घेऊं नये. दहा मिनिटें तोंडी विचारपूस व्हावी, आणि ‘हें मला ठाऊक नाहीं’ ह्या उत्तरास गुण कापूं नयेत. होयला होय व नाहींला नाहीं म्हणण्याची जी शिस्त आम्ही सकाळच्या प्रार्थनेंत शिकवितों, ती चौथ्या तासास गणिताच्या वर्गांतहि लागू असावी. बक्षीस म्हणून पुस्तक द्यावें. रोख रक्कम ठेवली कीं दुकानें आलींच.

त्या मुलीची गांठ गेल्या दिवाळींत आम्हांस स्टेशनावर पडली. ती आतां लातुरास शिकते. आम्हीं आमची चूक तिजपाशीं कबूल केली, त्यावर ती हंसली व म्हणाली, “सर, मला तर त्यांतलें थोडेंच आठवतं. वही आहे का अजून?” वही आहे. गुण देण्यासाठीं आम्हीं ती त्या वेळीं घरीं आणिली होती व ती न्यावयास कोणी आलें नाहीं; आतां तिच्याच संमतीनें ती आमच्या कपाटांत ठेविली आहे. तिच्या शेवटच्या पानावर ‘पांच अंक’ असा मथळा आहे, खालीं तीन वजाबाक्या आहेत, आणि चौथी अर्ध्यांत सोडलेली आहे. ज्या विद्यार्थ्यास ती पुढें न्यावीशी वाटेल त्यानें मधल्या सुटींत येऊन आमच्याकडून वही मागून घ्यावी.